पाऊस ओळखणारी फियाट

गाडीला पाऊस कळावा अशी माझी अपेक्षा कधीच नव्हती. तो नवऱ्याला कळावा, एवढंच माझं म्हणणं होतं. नवऱ्याला कळवण्याचे सगळे उपाय थकले, तेव्हा त्यांनीच गाडीला कळवायचं मनावर घेतलं. पुढे जे झालं ते आमच्या गल्लीत अजून चवीनं सांगतात, आणि मी भाजी घ्यायला बाहेर पडले की सांगणाऱ्यांचा आवाज मुद्दाम कमी होतो. इतका कमी, की मला नीट ऐकू यावं.

पंकज, म्हणजे माझे यजमान, तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. चांगलं शिकवतात, हीच अडचण आहे. वाईट शिकवणारा माणूस घरी आल्यावर गप्प बसतो. चांगलं शिकवणाऱ्याला घर, अंगण, जेवणाचं ताट सगळीकडे वर्गच दिसतो, आणि शिकवायला त्यांना दोन्ही हात लागतात. आम्ही सेकंडहॅन्ड फियाट घेतली तेव्हा गाडी चालवायलाही दोन्ही हात लागतात ही गोष्ट माझ्या लक्षात आली. त्यांच्या आली नाही.

कोल्हारच्या पुलावर ती माझ्या लक्षात फारच आली. पाऊस असा, की समोरची काच म्हणजे नुसता पाण्याचा पडदा. माझ्या मांडीवर आमची लेक मित्रा, वय अडीच. समोरून एक ट्रक दिवे लावून येतोय. आणि पंकज ट्रान्झिस्टर समजावून सांगत होते.

"अहो, वायपर!"

"एक मिनिट. समज, हा माझा डावा हात म्हणजे बेस..."

"तो डावा हात स्टिअरिंगवर ठेवा!"

"ठेवतो गं, मुद्दा तर पूर्ण होऊ दे."

मुद्दा पूर्ण झाला की नाही मला आठवत नाही. ट्रक कानाजवळून गेल्याचं आठवतं. घरी उतरल्यावर मी पाणीसुद्धा न पिता जाहीर केलं, की पावसात या गाडीत मी माझ्या मुलीला घेऊन बसणार नाही.

हे जाहीर करताना मी भारतीला विसरले होते. भारती माझी धाकटी बहीण. तिचं लग्न ठरलं होतं, माहेरी, काष्टीला. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, त्यामुळे लग्न वर्षातल्या कुठल्याही दिवशी करता येतं, आणि म्हणूनच ते नेमकं भर पावसाळ्यात निघालं. नवरदेव फौजेत आणि रजा तेव्हाचीच. श्रीरामपूरजवळच्या आमच्या बेलापूरहून काष्टी म्हणजे सगळा नगर जिल्हा वरून खाली उतरायचा. एसटीनं जावं तर आमच्या मित्राला एसटी नुसती दिसली तरी उलटी होते. मागच्या खेपेला गाडी फलाटावरून हलायच्या आतच तिनं कंडक्टरच्या तिकिटाच्या पेटीत... जाऊ दे. तो माणूस सज्जन होता.

म्हणजे लग्नाला जायचं तर गाडीनं, आणि गाडीनं जायचं तर पावसात. मोठी बहीण आणि लग्नाला नाही, हे आमच्या काष्टीत सात पिढ्या बोलून दाखवतील.

"तुझी अट रास्त आहे," पंकज म्हणाले. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की पुढचं वाक्य येईपर्यंत मी चहा टाकायला निघाले होते. पुढचं वाक्य होतं, "माणूस चुकतो. म्हणून हे काम माणसाकडे ठेवायचंच नाही."

नवरा सुधारायचा सोडून नवऱ्याला वगळण्याचा हा मार्ग कुठल्याच आईनं लेकीला सांगितलेला नसतो.

पंधरवडाभर जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचा धूर होता. त्यातून एक पट्टी निघाली, पोस्टकार्डाच्या निम्मी. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा, दोन कंगवे एकमेकांत अडकवावेत तशा, पण एकमेकींना न शिवणाऱ्या जावांसारख्या, म्हणजे शेजारी असून स्पर्श नाही. थेंब पडला की तो दोघींना जोडतो, वीज वाहते, आत टिक् होतं आणि वायपर सुरू होतात. पट्टी बसली काचेखाली, बॉनेटच्या वरच्या कडेला, अगदी मधोमध. शिवाय गाडी बंद असली तरी पाऊस कळला पाहिजे, असा पंकजचा आग्रह. म्हणून वायर थेट बॅटरीला. गाडी बंद असताना पाऊस कळून तिला काय करायचंय, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे शेवटच्या बाकावरच्या ढ मुलीकडे बघावं तसं बघितलं.

तांब्याभर पाणी ओतलं. टिक्. वायपर हलले. मित्रानं टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मलाही भरून आलं. पट्टीचं सगळं कौतुक लिहून मी भारतीला पत्र टाकलं, की आम्ही येतोय.

आणि दुसऱ्याच सकाळी, आभाळात ढगाची बोटभर चिंधी नसताना, दारात उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीचे वायपर सुरू झाले.

कोरड्या काचेवर वायपर फिरतो तेव्हा जो आवाज होतो, तो एखाद्या आजारी कोंबड्याचा असतो. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई सुमनबाई, दात घासता घासता बाहेर आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"आमच्यात नजर-बिजर मानत न्हाईत," त्या चूळ भरून म्हणाल्या, "पर लागली हाय."

पंकजनी निदान केलं, दव. जुलैत दव पडत नाही, असं माझे सासरे आतून पेपरमागून म्हणाले. सासऱ्यांचं नाव रंभाजी, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात आणि आम्ही घरात अण्णा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण फक्त कागदावर. मग पंकजनी निदान बदललं, हवेतली आर्द्रता. त्यांनी सर्किटचा कान जरा पिरगळला, म्हणजे थोड्याशा ओलीला दाद देऊ नये असं केलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा कोंबडा आरवला.

मग गल्ली कामाला लागली. आमच्या गल्लीत कुणाचं मूल रडलं तर कुणी येत नाही, पण बॉनेट उघडलं की माणसं कुठून येतात कळत नाही. टेम्पोवाले आसाराम आले. वाकून बघितलं, बॉनेटला दोनदा थापटलं आणि म्हणाले, "सर, अर्थिंग."

"अर्थिंगचा काही संबंध नाही."

"नसूं द्या. पर अर्थिंगच हाय."

कुणी म्हणालं पाल शिरली असेल. एकानं सांगितलं, रात्री गोणपाट टाका. गोणपाट टाकलं, तर सकाळी वायपर गोणपाटाखाली तडफडत होते. मांजराच्या पिल्लाला कुणी पोत्यात कोंबलंय असं समजून मित्रानं असं भोकाड पसरलं, की त्या दिवशी तिनं दूध घेतलं नाही, आणि दूध घेतलं नाही म्हणून दुपारी मला वाटायला लागलं की तिला ताप आहे. नव्हता. पण मी तीनदा बघितला.

बॅटरी तर रोजच उतरायला लागली. सकाळी कॉलेजला जाताना पंकज आत, आणि ढकलायला मी, आत्याबाई आणि आसाराम. ढकलताना आसाराम दर पावलाला म्हणायचे, "अर्थिंग... अर्थिंग..." पालखीचे भोई हुंकार देतात तसं.

अशातच मित्राला डोस द्यायला श्रीरामपूरला जायचं होतं. सकाळी निघालो तो ऊन कडकडीत, आणि वायपर सुरू. बंद करावेत तर पंकजनी बंद करायचं बटणच ठेवलेलं नव्हतं. बटण ठेवलं की माणूस चुकतो ना! वायर उपटा म्हटलं, तर "चालू सर्किट असं उपटत नाहीत, मुळाशी जाऊ," म्हणाले. तर असे आम्ही, लख्ख उन्हात, कोरडी काच करकर पुसत चौकात पोचलो आणि हवालदारानं हात दाखवला.

"पाऊस कुठाय, साहेब?"

पंकज खाली उतरून समजावायला लागले. दोन्ही हातांनी. हवालदार ऐकत होता की नाही कोण जाणे, त्याची नजर पट्टीवर.

"गाडीला असं काही बाहेरून बसवाया परवानगी लागती. ऑफिसातनं शिक्का आनला का?"

"अहो, पाऊस ओळखायच्या वस्तूला परवानगी कुठल्या ऑफिसात मिळते?"

"ते तुमी इचारायचं. आमी फक्त न्हाई म्हनून सांगतो."

मित्रानं तेवढ्यात रडायला घेतलं. हवालदार पट्टीकडे आणखी वाकला. तांब्याच्या रेघा बघितल्या, खाचांतला लालसर रंग बघितला. तो मलाही आदल्या दिवशी दिसला होता. पंकज म्हणाले होते, तांबं गंजतंय. तांबं लाल गंजत नाही हे मला आठवीत शिकवलेलं, पण म्हटलं, तंत्रनिकेतनात वेगळं शिकवत असतील.

हवालदाराचा चेहराच बदलला. त्यानं हळूच टोपी सारखी केली. "आधी सांगायचं ना साहेब, शनिम्हाराजाचा मंतरलेला पत्रा हाय म्हनून. देवाधर्माच्या गोष्टीत आपन हात घालत न्हाई. जावा तुमी."

यावर सुशिक्षित, विचारी माणसांनी काय करायला हवं होतं ते मला चांगलं माहीत आहे. पण मागे गाड्यांची रांग लागलेली, उन्हात पोरगी लालबुंद झालेली. पंकजनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आणि आम्ही काहीही न बोलता निघालो.

चौकातल्या रसवंतीच्या बाकावर, हातात रसाचा ग्लास घेऊन, भिमाजीकाका बसले होते हे मला गाडी वळताना दिसलं. भिमाजीकाका आमच्या विहाराच्या कमिटीत आहेत. अण्णा त्याच कमिटीचे अध्यक्ष.

त्या रात्री मी ठरवलं, मुळाशी जायचं तर आपणच जावं. माझी एक सवय आहे, तिला घरात नावं ठेवतात. मी बघत असते. गॅस बंद आहे का, कडी लागली का, मित्राच्या तोंडात बटण तर नाही. सकाळी मित्राला मांडीवर घेऊन मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले आणि तिला भाताचे घास भरवत गाडीवर डोळा ठेवला.

समोरच्या घरातून मालनबाई बाहेर आल्या. मालनबाई म्हणजे आमच्या शेजारधर्माचा आधारस्तंभ. यजमान साखर कारखान्यात, मुलं लग्न होऊन लांब. त्यामुळे त्यांची सगळी माया गल्लीभर सांडत असते. त्यांनी तुळशीला पाणी घातलं. सूर्याला हात जोडले. तांब्यात उरलेलं पाणी घेऊन सरळ रस्ता ओलांडून आमच्या गाडीपाशी आल्या, पट्टीवर चिमूटभर कुंकू टाकलं आणि वरून संथ धार धरली.

टिक्.

वायपर हलले. मालनबाईंनी भक्तिभावानं कपाळ बॉनेटला टेकवलं.

मी मित्राला काखेत मारून, खरकट्या हातानं, तशीच पळाले. "मावशी! अहो मावशी, काय करताय?"

"अगं पोरी, हळू," त्या अजिबात न दचकता म्हणाल्या. "तुमच्यात असलं करत न्हाईत, ठाव हाय मला. म्हनून तर मी करते. शनीचा पत्रा बसवलाय, सरांनी पयल्या दिशी तांब्याभर पानीबी घातलं, मग रोज कुनीतरी घालाया नगं?"

"मावशी, तो पत्रा नाही. ते सर्किट आहे. पाऊस आला की वायपर चालू होतात."

"व्हय व्हय." त्यांनी माझी समजूत काढल्यासारखी मान हलवली. "आन् लई जागृत हाय बग. पानी पडलं की लगेच दोनी हात हालवतो. आमच्या देव्हाऱ्यातल्यांनी इतक्या वर्सांत येकदा बोट हालवलं न्हाई."

खोटं काय होतं त्यात? पंकजच्या पट्टीची इतकी चोख आणि इतकी नियमित चाचणी खुद्द पंकजनी कधी घेतली नव्हती.

"तू सारखी घाबरत असतीस," मालनबाई मित्राच्या गालावरचं शीत काढत म्हणाल्या. "पोरीला घिऊन त्या गाडीत बसतीस. म्हनलं, तुझ्याकडनं कुनीतरी बघावं त्याच्याकडं."

आता या बाईला रागवायचं कसं? मी एवढंच म्हणाले, "मावशी, पाणी तेवढं घालू नका. बॅटरी उतरते." त्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. पाणी घालायचं नाही म्हणजे नाही.

पंकजना सांगितलं तर ते टुणकन उठले. "म्हणजे सर्किट बरोबर आहे!" बायकोनं आठवडाभर गाडी ढकलली, पोरीनं दूध टाकलं, त्याचं काही नाही. अण्णांना मात्र यातलं काही कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं.

ते कळवायला भिमाजीकाका आले. सोबत कमिटीतले आणखी दोघं. चहा समोर ठेवला, पण कुणी कपाला हात लावला नाही. आमच्याकडे प्रकरण किती गंभीर आहे ते यावरून समजतं.

"गुरुजी, बोलू का नको असं झालंय," भिमाजीकाका म्हणाले. "पन तुमच्या गाडीला शनीचा पत्रा लावलाय म्हनं. मी सोता ऐकलं. हवालदार म्हनला, आन् सर न्हाई म्हनले न्हाईत. त्यावर रोज सकाळी कुंकू आन् पानी बी असतं, असं गल्ली म्हनती."

अण्णांनी पेपरची घडी घातली. त्यांनी घरातले देवांचे टाक आपल्या वडिलांच्या हातानं नदीत सोडलेले पाहिलेत. बावीस प्रतिज्ञा त्यांनी गावोगावच्या पोरांकडून घोकून घेतल्या. त्यांच्या दारात आणि शनीचा पत्रा! ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "पंकज, खरं काय?"

पंकजनी खरं काय ते सांगायला सुरुवात केली. बेसपासून. भिमाजीकाकांनी मध्येच हात वर केला. "सर, आमाला न्हाई कळायचं. करून दावा."

"दाखवू," अण्णा म्हणाले. "रविवारी वंदना झाली की सगळ्यांनी आमच्या दाराशी यावं. विज्ञान काय आणि अंधश्रद्धा काय, सर्वांसमक्ष होऊन जाईल. आणि नाही सिद्ध झालं," त्यांनी चष्मा काढला, "तर ही गाडी माझ्या दारातून कुठेही जाणार नाही. काष्टीलाही नाही."

लग्न मंगळवारी होतं.

रविवारी वंदनेहून पांढऱ्या कपड्यांतली सगळी गल्ली आमच्या दाराशी आली. मुलं कट्ट्यावर, बाया ओट्यावर. पलीकडच्या घरांतूनही माणसं उभी होती, मालनबाई आपल्या दारात. पंकजनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खडूसुद्धा आणला होता. त्यांनी आमच्या भिंतीवर आकृती काढली. पाणी विजेचं वाहक कसं, पट्टीवरच्या रेघा कशा, रिले म्हणजे काय. मुलांना प्रश्न विचारले. ओट्यावरची एक म्हातारी बसल्या जागी झोपली. शेवटी पंकजनी हातात तांब्या घेतला, उंच धरला आणि म्हणाले, "आता पाहा. यात चमत्कार काही नाही."

पाणी पडलं.

चमत्कार खरंच काही झाला नाही.

त्यांनी आणखी पाणी ओतलं. पट्टीवरून पाणी मोत्यांसारखं टपटप घरंगळून गेलं. वायपर जागच्या जागी. भिमाजीकाका खोकले. अण्णांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"फ्यूज!" पंकज ओरडले. फ्यूज उपसून ते डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवे झाले. बाहेर फक्त त्यांचे पाय.

मी पट्टीजवळ गेले. वास आला. गोडं तेल! काल शनिवार होता. मालनबाईंनी शब्द पाळला होता, पाण्याचा थेंब घातला नव्हता. तेलाबद्दल मी कुठे काय बोलले होते? तेलाचा असा थर बसला होता, की वरून मुळा धरण सोडलं असतं तरी त्या दोन जावांची गाठ पडली नसती.

आता मी लोकांना काय सांगणार होते? की सगळे ऐका, हे विज्ञानच आहे, फक्त काल त्याच्यावर तेल वाहिलंय? मी अण्णांकडे बघितलं. मग मित्राला कडेवर घेऊन, लोकांकडे पाठ करून, पदरानं ती पट्टी खसाखसा पुसून काढली. लग्नात नेसायच्या आधी एकदा अंगावर घालावी म्हणून काढलेली साडी होती ती. डाग अजून आहे.

मी पुसून बाजूला होते न होते तोच मालनबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांच्यानं आमची फजिती बघवेना.

"अवो सर, तुमच्या हातनं न्हाई व्हायचं," त्या पायांना उद्देशून म्हणाल्या. "त्याला माझ्या हाताची सवय हाय."

"मावशी, नको!" मी म्हणाले. पण उशीर झाला होता. आत पंकजनी फ्यूज बसवला, बाहेर मालनबाईंनी धार धरली.

टिक्.

दोन्ही वायपर असे काही हलले, की कट्ट्यावरच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. मालनबाईंनी हात जोडले. पलीकडच्या दारांतल्या चार बायांनीही जोडले. ओट्यावरची म्हातारी जागी झाली आणि सवयीनं तिचेही हात छातीशी गेले. मग कुठे आहोत ते ध्यानात येऊन तिनं ते पटकन पदराखाली घेतले.

डॅशबोर्डखालून पंकज वर आले. केस विस्कटलेले, कपाळाला काळं. "फ्यूज होता! बघितलंत? फ्यूज!" पण ऐकायला होतं कोण? प्राध्यापकानं खडूनं भिंत रंगवून तांब्याभर पाणी ओतलं तर काही नाही, आणि मालनबाईंनी हात लावला की लगेच! सगळ्या गल्लीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं.

"अर्थिंग," आसाराम कुणालातरी सांगत होते. "मालनबाईचं अर्थिंग चांगलं हाय."

भिमाजीकाका अण्णांजवळ गेले आणि पडेल आवाजात म्हणाले, "गुरुजी, आमचा तुमच्यावर इस्वास हाय. पन लोकांनी बघितलं ते बघितलं."

अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला आठवलं, काष्टीला आई आता हळदीची तयारी करत असेल. रस्त्यावर गाडी वाजली की भारती उठून बघत असेल. मी पुढे झाले आणि मालनबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं अण्णांना तेलाचं सांगितलं. पहिल्यांदाच मी त्यांच्या इतक्या जवळ उभं राहून बोलत होते. त्यांनी ऐकून घेतलं. पदरावरच्या डागाकडे बघितलं. समोर मालनबाई आमची इभ्रत वाचवल्याच्या आनंदात तांब्या पुसत उभ्या होत्या. अण्णांनी त्यांच्याकडेही बघितलं आणि तेलाचा विषय तिथंच गिळला.

"विज्ञान खरं आहे," ते सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दोष पट्टीत नाही. पण ज्या वस्तूला बघून माणसाचे हात आपोआप जुळतात, ती माझ्या दारात नको. पंकज, पट्टी काढ. पाऊस आला की बटण दाबायला माणसाला बोट दिलेलं आहे. मग गाडी काष्टीला जाईल."

"अण्णा, पण सर्किट..."

"बोट," अण्णा म्हणाले.

"टाकून देनार असाल तर मला द्या," मालनबाई म्हणाल्या.

पंकजनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्या तांब्या घेऊन घरात गेल्या. पट्टी निघाली, कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं. जुनं बटण पुन्हा बसलं. आणि पंकज बोलायचे थांबले. जेवताना नाही, झोपताना नाही. मीठ हवं असलं तरी मिठाच्या बरणीकडे नुसतं बघायचे.

सोमवारी सकाळी निघालो. पुढे पंकज आणि अण्णा, मागे आत्याबाई, मी आणि मांडीवर मित्रा. मी तिला घट्ट धरलेलं. आता तर पट्टीही नव्हती. राहुरी गेलं. नेहमी राहुरी आली की मुळा धरणाची पाणीपातळी, तिथून टर्बाइन, तिथून थेट फॅराडे, आणि दोन्ही हात हवेत. या वेळी धरणाचा फाटा आला आणि गेला. पंकज समोर बघत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर असे, की जणू तेवढीच एक वस्तू जगात त्यांच्यावर विश्वास ठेवते.

विळदच्या घाटात पाऊस आला. पहिले दोन थेंब काचेवर पडले असतील नसतील, पंकजचं बोट बटणावर गेलं. वायपर सुरू. पाऊस वाढला तसे वायपर वाढले. ट्रक आला, पंकजनी गाडी कडेला घेतली, दिवे लावले, ट्रक गेल्यावर पुन्हा रस्त्यावर आणली. एक शब्द नाही. अण्णाही गप्प. आत्याबाईंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ह्याला बरं न्हाई का गं?"

मला कसं वाटत होतं सांगू? लग्न झाल्यापासून मी या माणसाच्या गाडीत इतकी निर्धास्त कधी बसले नव्हते. नगर मागे पडल्यावर माझी मिठी सैल झाली. पुढे कधीतरी मला चक्क डुलकी लागली. मित्रा आपली खिडकीतून पाऊस मोजत होती, एक, एक, एक. तिला पुढचं येत नव्हतं. उलटीचं नाव नाही.

काष्टीत पोचलो तेव्हा हळद लागायची होती. भारती मांडवातून पळत आली आणि गळ्यात पडली, तेव्हा मी रडले ते सगळं आठवड्याचं. आई मात्र जावयाकडे बघत होती. पंकज खुर्चीत बसले होते, मांडवाच्या खांबाकडे एकटक.

आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "काय गं, जावई बोलंनात. आपलं काही चुकलं का? मानपानाचं काही राहिलं?"

"नाही गं आई. रुसलेत ते."

"आगं मग असं कसं चालंल? लग्नघरात जावई रुसून बसलेला!" तिनं लगेच शेवयांच्या खिरीची मोठी वाटी भरली, वर बदाम टाकले, आणि माझ्या भावाला हाक मारली. "सचिन, दाजींपाशी जाऊन बस. त्यांना म्हण, ते पावसाचं काय केलंत, आम्हाला समजावून सांगा. लगेच खुलतील बघ."

मी दारात आडवी झाले.

"कुणी काही विचारायचं नाही," मी म्हणाले. "आणि खीर तर अजिबात द्यायची नाही. बुधवारी आम्हाला परत जायचंय."

"वेडी का काय तू? रुसलेल्या जावयाला कुणी तसंच ठेवतं का?"

"आई, बुधवारी बेलापूरला पोचेपर्यंत ठेव. नंतर मी स्वतः मनवीन."

आईला काही उमजेना. ती वाटी घेऊन माझ्या बाजूनं निघायला बघत होती. मी वाटी तिच्या हातातून काढून घेतली आणि तिथंच, उंबऱ्यात उभ्या उभ्या, शेवटच्या बदामासकट संपवून टाकली.